खालच्या नळाची धार

३ मार्च
सकाळी मंगलनं न्हाणीतूनच आवाज दिला, "अहो, शॉवरला पाणी चढत नाय." डायव्हर्टर गेला वाटतं. कळ फिरवली की सगळं पाणी वर जायला पायजे, तर अर्धं खालच्या नळातूनच चाललंय. इथं पाणी येतं आठवड्यानं, आन हे असं! खाली बादली लावली.

५ मार्च
कळ खोलली. मधल्या दिवसांत बोअरचं पाणी, त्याचा क्षार लई. लिंबानं घासला, वॉशर नवा टाकला. मी अंघोळ केली, खाली थेंब नाय. जिंदगी फिटरकीत गेली, उगाच नाय.

६ मार्च
मंगलच्या अंघोळीला परत धार. डोकं फिरलं. छावणीतल्या दुकानातून अख्खा डायव्हर्टरच आणून बसवला.

८ मार्च
माझ्या वेळी कोरडं, हिच्या वेळी धार! म्हणलं, "बाई, कळ पूर्ण फिरवत जा की. हाताला मेंदी लावलीय का?" ही गप. एरवी ऐकून घेणारी नाय.

९ मार्च
म्हणलं, माझ्यासमोर फिरव. उजव्या हातानं धरली, अंगठा घसरला. मग डाव्या हातानं उजवा दाबून फिरवायला लागली. अर्ध्यावर अडकली.
"कवापासून?"
"संक्रांतीपासून."
संक्रांतीपासूनच घरात भाकरी नाय. "थापायचा कंटाळा येतो, पोळीवाली लावू," म्हणली होती. मी चेष्टा केली होती. नळ खोलत बसलो आन बायकोचा हात...
रडू आलं. ही माझीच पाठ थोपटत होती, डाव्या हातानं.

११ मार्च
क्रांती चौकातले डॉक्टर. दोन्ही हातांनी त्यांची बोटं दाबायला लावली. नसांची तपासणी करू म्हणले. "वयाचं असेल," असं एकदा तरी म्हणतील वाटलं. तसं काय म्हणले नाय.

१२ मार्च
लांब दांड्याची कळ आणून बसवली. मंगल बघत उभी. "अहो, कळ बदलून हात नीट व्हतो का?"
मी पाना पिशवीत ठेवला.

१४ मार्च
उद्या तपासणी. केस पुसत बाहेर आली, हसून म्हणली, "आज पूर्ण फिरली बघा. बरं वाटतंय हाताला. राहू द्या ती तपासणी."
ती देवापुढं बसल्यावर न्हाणीत गेलो. नळाखाली बादली काठोकाठ. ओतून टाकायची म्हणली तरी तिला उचलवली नसती.
गुपचूप कुंड्यांना घातली. उद्या नऊला रिक्षा सांगितलीय.