फाडलेला फॉर्म

छकुले,

मी सकाळच्या ड्युटीला निघाले. कॉलेजचा जो फॉर्म तू नर्सिंगवर खूण करून माझ्या सहीसाठी ठेवला होतास, तो मी फाडलाय. चिडू नकोस. नवा कोरा फॉर्म डब्याखाली आहे, सही केली आहे.

पंचवीस वर्षं नर्स आहे मी, तरी परवा आजोबांना धाप लागली तेव्हा त्यांच्या श्वासाच्या मशीनच्या मास्कचा पट्टा आवळतच बसले. तू नुसता आवाज ऐकून म्हणालीस, "आई, हवा नाकापाशी गळतेय." मास्क जरासा वर सरकवलास आणि ते शांत झोपले. मग तासभर त्यांचे श्वास मोजत बसलीस.

चादर बदलताना तुझ्या गादीखाली रेस्पिरेटरी थेरपीचं, म्हणजे श्वासाच्या उपचारांच्या कोर्सचं, माहितीपत्रक सापडलं, वाचून वाचून चुरगळलेलं. माझं मन राखायला तू माझी ड्युटी कशाला करतेस?

आज शेवटची तारीख आहे. नर्सिंगवरच खूण केलीस तरी चालेल, पण माझ्यासाठी नको.

काय ठरवलंस ते आजोबांना लगेच सांग. मला मात्र घरी आल्यावरच सांग. ड्युटीवर माझे डोळे भरले की पेशंट उगाच घाबरतात.

आई