नव्या गाडीची डावी बाजू

२ नोव्हेंबर, रविवार

गाडी आली. नाशिकहून हेच चालवत घेऊन आले. मी शेजारी, मागे प्राची आणि पेढ्यांचे पुडे. करडा रंग. प्राचीला पांढरी हवी होती, पण जव्हारच्या लाल धुळीत पांढरी किती दिवस पांढरी राहणार, असं हे म्हणाले आणि विषय संपला.

उंच आहे फार. पायरी असूनही चढताना साडी आवरावी लागते. आत बसलं की रस्ता कुठेतरी खाली राहतो. सात जणांची गाडी. आम्ही तिघं, सूर्यमाळच्या सासूबाई, एकनाथभाऊजी, जाऊबाई, त्यांचा ओम. ह्यांनी अर्धं आयुष्य दाभोसा-जव्हार जीपमध्ये माणसं कोंबून नेली. आता म्हणतात, घरचं कुणी कुणाच्या मांडीवर बसणार नाही.

घाटात गप्प होते. जीप चालवताना सारखं गुणगुणायचे. आज स्टिअरिंगवर वाकून, मान सारखी डावीकडे. नवी आहे, जपून चालवत असतील.

४ नोव्हेंबर

सकाळी चालू केली की आधी खडखडते, मग घशातल्या घशात बोलल्यासारखी. गरम झाली की आवाज मऊ होतो. डिझेलची असून आत वास नाही. शाळेचा चढ दुसऱ्या गिअरवर, काही न वाटता. किल्ली फिरवायची नाही, बटण दाबायचं. डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण, त्यात युरियाचं पाणी घालायचं म्हणे. हे म्हणाले, "म्हणजे भाताला घालतो तसं?" खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी.

सोबत आलेलं जाड पुस्तक मीच वाचतेय. ते हात लावत नाहीत.

शाळेत सगळ्या बाईंना पेढे.

७ नोव्हेंबर

डावं दार घासलं. आमच्याच फाटकाच्या खांबाला. पुढच्या दारापासून मागच्यापर्यंत पांढरा ओरखडा. रडू आलं, दाखवलं नाही.

"रुंद आहे गं. हाताला अजून जीपचा अंदाज बसलाय."

आणखी एक. ही गाडी कशाच्या जवळ गेली की टिं-टिं करते. आज गप्प होती. विचारलं तर म्हणाले, बंद करून टाकलं ते, डोकं उठवतं.

९ नोव्हेंबर, रविवार

जमेल तसं लिहिते.

सूर्यमाळला गेलो, आईंना गाडी दाखवायला. त्यांना चढता येईना तर भाऊजींनी पाट आणून ठेवला. आत बसून सीटवर हात फिरवत राहिल्या. "घरच चालतंय जनू." ओम मागच्या सीटवर. तिथे गुडघे छातीशी येतात, मोठ्या माणसाचं काम नाही. मोखाड्यापर्यंत चक्कर मारून त्यांना परत सोडलं. सगळे खूश.

जव्हारला परतताना वळणावर एक बाई मोळी घेऊन चाललेली. रस्त्याच्या कडेने, डावीकडून. मला लांबूनच दिसत होती. वाटलं ह्यांनाही दिसतेय. गाडी कडेलाच चालली. मी ओरडले. बाईने मोळी टाकून खाली उडी घेतली. थांबलो तेव्हा लाकडं चाकाखाली.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठे होती ती?"

मी उतरले. बाईचं कोपर खरचटलेलं, बाकी ठीक. पाणी दिलं, लाकडं गोळा करू लागले. मोळी बांधता बांधता ती म्हणाली, "आंधला हाय का गं तुजा डायवर?"

रागात म्हणाली. कुणीही म्हणेल.

घरी येईपर्यंत हे एवढंच बोलले, की काचेच्या बाजूचा खांब फार जाड ठेवलाय ह्या गाडीला, माणूसच झाकला जातो त्याच्यामागे.

१२ नोव्हेंबर

हे बाजारात गेले तेव्हा उभ्या गाडीत मी त्यांच्या जागेवर बसले. प्राचीला सांगितलं, रस्त्याच्या डाव्या कडेने माझ्याकडे चालत ये. "कशाला?" "ये तू."

खांब जाड आहे. खरंच आहे. एक क्षण प्राची त्याच्यामागे गेली, आणि लगेच दिसली. मग दारापर्यंत दिसतच राहिली.

प्राचीला काही सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर

शाळेत नेहमीचं. चौथीची चाचणी. लक्ष नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

नको ते केलं. हे पेपर वाचत होते. चहा नेहमी समोर ठेवते, आज डाव्या हाताशी ठेवला, आवाज न करता. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "अगं, चहा करतेस ना?"

"ठेवलाय की."

मान वळवली, कप दिसला. "हो का."

एवढंच. पेपर पुन्हा वर. मला वाटलं मी चोरी केली.

गेल्या वर्षी जीप विकली तेव्हा म्हणाले होते, कंटाळा आला, रोज तोच रस्ता. कंटाळा! ज्या माणसाला रविवारीसुद्धा घरी बसवत नाही.

१९ नोव्हेंबर

सरळ विचारलं. "डोळ्यांचं काही आहे का तुमच्या?"

"चष्मा बदलायला झालाय."

"डावीकडचं दिसतं का?"

"कुसुम, मी ह्या रस्त्यांवर किती वर्षं गाडी चालवतोय? मला विचारतेस?"

मग जेवले नाहीत नीट. आणि रविवारी वणीला जायचं ठरवूनच टाकलं. सगळे, साती जण, नव्या गाडीला देवीचं दर्शन. एकनाथभाऊजींना फोनही करून झाला. तो घाट. एका बाजूला दरी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या वणी. आई दुपारीच पोहोचल्या, भाऊजींनी त्यांच्या पिकअपमधून आणून सोडल्या. नवं लुगडं आणलंय त्यांनी पिशवीत. प्राचीने गाडी धुतली, ओरखड्यावर कसला तरी मलम घासत बसली होती.

मला काही सुचेना. संध्याकाळी हे अंगणात गाडीची काच पुसत होते. मी जाऊन म्हणाले, किल्ली द्या.

"का?"

"उद्या जायचं नाही. तुम्ही चालवायची नाही."

हसले आधी. मग हसू गेलं. "घरात आई बसलीय. हळू बोल."

"हळूच बोलतेय. किल्ली द्या."

"माझी गाडी तू थांबवणार?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "गाडी माझ्या नावावर आहे."

असं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी किल्ली खिशातून काढली, बॉनेटवर ठेवली आणि फाटकातून बाहेर चालू लागले. मी तशीच उभी. किल्ली अजून गरम होती.

दिवेलागणीला आले. आई देवापाशी होत्या. हे येऊन गाडीत बसले, शेजारच्या सीटवर, दार उघडं ठेवून. मी जाऊन स्टिअरिंगसमोर बसले, त्यांच्या शेजारी दुसरी जागा नव्हती म्हणून. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

म्हणाले, "तुझ्या नावावर का घेतली, काय वाटतं तुला?"

मग स्वतःच सांगू लागले.

"दाभोशाला एक म्हातारा चढत होता जीपमध्ये. डाव्या दाराने. मी गाडी काढली. पडला तो. काही झालं नाही त्याला, उठून हसला, पण मला तो दिसलाच नव्हता. आरशात पण नाही. दुसऱ्या आठवड्यात जीप विकली. नवी माझ्या नावावर घ्यायला मन धजेना."

"मग ही का घेतली? एवढी मोठी?"

"शोरूमवाला म्हणाला, चारी बाजूंनी कॅमेरे आहेत, कुणी जवळ आलं तर गाडी स्वतः सांगते. वाटलं, गाडी बघेल माझ्या वाट्याचं." थांबले. "मग ती सारखी सांगायला लागली. प्रत्येक वळणाला. तू शेजारी, प्राची मागे, आणि ती टिं-टिं. तुम्हाला कळेल म्हणून बंद केली."

मी त्यांचा हात धरला. गार पडला होता.

आईंना सांगितलं, गाडीत बिघाड आहे. मी खोटं बोलले. भाऊजींनाही फोनवर तेच.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज वणीत असतो. आई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. "नवी गाडी, आन बिघडली पन?" हे फडकं घेऊन गाडीची काच पुसायला गेले.

२७ नोव्हेंबर

नाशिक. एस.टी.ने गेलो. गाडी अंगणात ठेवून एस.टी.च्या रांगेत उभे राहिलो तर ओळखीचे लोक विचारत होते. हे म्हणाले, "पार्किंग मिळत नाही तिकडे."

डोळ्यांच्या दवाखान्यात एका मशीनमध्ये तोंड घालून बसवतात. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरच्या बाकावर. आत बटणाचा आवाज येत होता, टक, टक. मग मध्येच खूप वेळ काही नाही.

बाहेर येऊन हे म्हणाले, "मध्ये मशीन बंद पडलं होतं वाटतं. दिवेच लागत नव्हते."

लागत होते. डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला, डाव्या डोळ्याचा जवळजवळ सगळा काळा. उजव्याची कडही काळवंडायला लागलीय. काचबिंदू. दुखत नाही, कळत नाही, कडेने आत येत राहतो. गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते राखायचं. थेंब रोज, न चुकता. गाडी बंद.

"घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही कुणाला."

"भाऊ, बहीण?"

"एक भाऊ आहे. धाकटा."

"त्यांना दाखवून घ्या. आणि मुलीलाही."

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले. पूर्ण रस्ता डोळे उघडे ठेवून. झोपले नाहीत. मीही नाही.

२९ नोव्हेंबर

प्राचीला सांगितलं. रडली नाही. तिने विचारलं, "बाबांना मी कुठे उभी राहिले की दिसते?" मग त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

थेंब मीच घालते. स्वतः घातले तर गालावर पडतात.

१ डिसेंबर

मला लायसन्स आहे. लग्नानंतर ह्यांनीच हौसेने काढायला लावलं होतं. त्यानंतर स्कूटीशिवाय कशाला हात लावला नाही.

आज शाळेआधी शिरपामाळच्या रस्त्यावर गेलो. तिथपर्यंत शेजारच्या सरांनी गाडी नेऊन दिली आणि ते चालत फिरायला गेले. माळ बघायला येणाऱ्यांची गर्दी रविवारी असते, आज कुणी नव्हतं.

ही गाडी चालवणं म्हणजे खोलीच्या एका टोकाला बसून अख्खी खोली हलवणं. नाक कुठे संपतं दिसत नाही. क्लच सोडला की हिसका देऊन बंद. पुन्हा. पुन्हा.

हे इतके ओरडले. "सोड! हळू सोड! अगं, दूध उतू जातंय का?"

मी ब्रेक दाबला आणि म्हणाले, दूध मला जमतं, त्याचं नाव नको.

थोड्या वेळाने हे म्हणाले, "माझा आवाज चढतो. हात रिकामे आहेत म्हणून."

मग जमली. माळाच्या टोकापर्यंत, तिसऱ्या गिअरवर. टिं-टिं मी पुन्हा चालू केलीय.

४ डिसेंबर

शाळेत गाडी घेऊन गेले. एकटी. लावायला तीनदा मागेपुढे करावी लागली, पोरं टाळ्या वाजवत होती. कुठेही घासली नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर "बरं" म्हणाले आणि थोड्या वेळाने कपाटातून जीपची जुनी हॉर्नची पिपाणी काढून पुसत बसले. मी आनंद सांगायला गेले ते चुकलं का?

७ डिसेंबर, रविवार

सूर्यमाळपर्यंत मी नेली. घामाने ब्लाउज ओला. समोरून ट्रक आला की श्वास बंद. हे शेजारी. सीटच्या कडेला हात घट्ट.

आईंनी मला स्टिअरिंगमागून उतरताना पाहिलं. ह्यांना काही विचारलं नाही. मी चुलीपाशी गेले तेव्हा म्हणाल्या, "त्याचं डोलं गेलं ना?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"त्याचा बा पन अशीच मान वलवाचा. कोंबड्यावानी. आमी हसाचू. शेवटाला बांधावरनं पडला, तवा कललं. म्हातारपन म्हनलं सगल्यांनी." भाकरी उलटली. "दामूला नको सांगू मी बोलले."

डॉक्टरांना हे "कुणाला नाही" म्हणाले होते. माहीत होतं की नव्हतं, विचारायचं धाडस नाही.

एकनाथभाऊजी घरी नव्हते. पिकअप घेऊन मोखाड्याला. माणसं, भाजी, सिमेंट, जे मिळेल ते. रोज तो उतार.

१० डिसेंबर

भाऊजींना फोन करा म्हटलं. "करतो." केला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

भाऊजी सकाळी आले, मागे कांद्याच्या गोणी. चहाला थांबले. नव्या गाडीभोवती फेरी मारून ओरखड्यावर बोट फिरवलं. "वहिनी, तुम्ही केलंत का हे?" आणि हसले.

"मी केलंय," हे म्हणाले.

मी कप घेऊन दारातच थांबले. ह्यांनी सगळं सांगितलं. मोळीवाली, दाभोशाचा म्हातारा, ते दिवे. एवढं सलग बोलताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "बापाला पण हेच होतं. तू लहान होतास. मला कळत होतं."

भाऊजींनी ओरखड्यावरचं बोट काढलं. मग, "दादा, मला दिसतं रे. सगळं नीट दिसतं."

"एकनाथ," हे म्हणाले, "मला पण सगळं दिसतच होतं."

चहा तसाच राहिला. भाऊजी उठले, ह्यांच्या पाया पडले. असं सणासुदीशिवाय करत नाहीत. मी म्हटलं, मंगळवारी मला सुट्टी आहे, नाशिकला मी नेते, गाडी आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कांदा खराब होतो उन्हात," म्हणाले.

पिकअप चालू केली. फाटकातून बाहेर काढताना आम्ही दोघं बघत होतो. मी त्यांच्या डाव्या चाकाकडे. हे कुठे बघत होते, माहीत नाही.