मिस लोरेन आपली की त्यांची

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

भिंगार,
ता. ९ फेब्रुवारी १९७२

राजमान्य राजेश्री आप्पासाहेब, मुक्काम पारनेर, यांस तुमच्या दाजींचा, म्हणजे सूर्यभानचा, रामराम.

आम्ही सगळे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमचा मोतीबिंदू पिकला का? तीन वर्षं झाली, अजून पिकतोच आहे; तेवढ्यात आमच्या परसातलं लिंबू दोनदा पिकून गळलं. वहिनींच्या गुडघ्यांची काळजी वाटते. तुमची मुक्ता शाळेवर शिकवायला लागली हे ऐकून तुमच्या बहिणीला आनंद झाला, मलाही झाला. दोन वर्षांत येणंजाणं राहिलं, ते निव्वळ कामाच्या गडबडीमुळं.

पत्रास कारण की, येत्या रविवारी दुपारी चार वाजता मी मार खाणार आहे. कुणाचा, एवढंच ठरायचं राहिलंय.

माझं दुकान तुम्ही पाहिलंय. रेडिओ दुरुस्ती, आणि लग्नकार्याला कर्णा भाड्यानं. पलटणीच्या मेसमध्ये भांडी घासता घासता साहेबांच्या बिघडलेल्या रेडिओत डोकं घालायला शिकलो आणि कानांच्या जिवावर इथवर आलो. गिऱ्हाईक उंबऱ्यावरून नुसतं "काय शेठ" म्हणालं, की ते पारनेरचं की खर्ड्याचं हे मी पाठमोरा सांगतो. (ही बढाई मी चारचौघांत मारायला नको होती.) दर गुरुवारी संध्याकाळी मिस लोरेनची गाणी लागतात आणि तिचे भक्त माझ्या फळीवर बसून ऐकतात. बाई इंग्रजी चालीवर हिंदी गाते आणि मधेच उचकी लागल्यासारखं करते. त्या उचकीसाठी एकानं तर जेवणं सोडलं होतं.

तर गेल्या महिन्यात पेपरात आलं की, बाई मुंबईत म्हणाली, मी हिंदुस्थानी नाही. आणि फोटो काढताना शेजारच्या सावळ्या ढोलवाल्याला म्हणे बाजूला सरकायला लावलं. झालं! फळीवरच्या भक्तांत दोन तट पडले. एकीकडं कॅम्पातला कारकून मच्छिंद्र, दुसरीकडं मोटार दुरुस्तीवाला भीमा. लढाई संपून दोन महिने झालेत, काचांवरचा काळा कागद अजून निघायचाय, अन् माझ्या दुकानात दुसरी लढाई पेटली.

मच्छिंद्र म्हणतो, "ही वर्णद्वेषी बाई आहे. हिची तबकडी वाजवेल तो देशद्रोही." (हे तो माझ्याकडं बघून म्हणतो.)

भीमा म्हणतो, "आरं, ती भिंगारची हाय! बाप गोऱ्या पलटणीत बँडवाला हुता. आमच्या आजीनं नाळ कापली तिची. आन् त्या ढोलवाल्याला उन्हात उभा ऱ्हाऊ नको म्हनली आसंल, मायेनं."

"मायेनं? मग तुझ्यासारख्या कोळशाला शेजारी बसवील का रं ती?"

"तुला तरी कोन बसवतंय? आरशात बघ की!"

तिथं पाना उगारला गेला. भीमाची आजी म्हणजे छबूबाई सुईण. साक्षीला बोलावली, तर सोमवारी म्हातारी म्हणाली, व्हय, म्याच कापली. मंगळवारी म्हणाली, "आता कुनाकुनाची ध्यानात ठिवू? समदी प्वारं लालच निघत्यात. काळं-गोरं लोक मागनं ठरिवत्यात." दोन्ही पक्षांनी हा पुरावा आपल्याच बाजूचा धरला.

शेवटी ठरलं की, सूर्यभानशेठच्या कानानं निवाडा करायचा. तबकडी ऐकून बाई कुठली ते मी सांगायचं, आणि तिच्या मनात काळंगोरं आहे का तेही आवाजावरून ओळखायचं! ती आपली निघाली तर मच्छिंद्राचे लोक माझा कर्णा नाल्यात टाकणार. त्यांची, म्हणजे गोऱ्यांची निघाली, तर भीमाचे लोक मला कर्ण्यासकट. मी सोळा वेळा तबकडी ऐकली, आप्पासाहेब. एवढंच कळलं की, गाताना बाईला सर्दी होती. कर्णा पलंगाखाली ठेवलाय. बाहेर कुणी नुसतं खाकरलं तरी मी दार लावून घेतो.

त्यात मच्छिंद्रानं अट घातली की, ज्यानं कधी रंग बघून माणूस नाकारलं नाही त्यानंच न्याय द्यावा. तसं कधी केलं नाही म्हणून मला सगळ्यांसमोर खंडोबाच्या शपथेचा बेलभंडार उचलायला लावला. उचलला. न उचलून सांगतो कुणाला? तेव्हापासून दुकानातले तीन रेडिओ मुके झालेत आणि माझ्या तळहातावरची हळद साबणानं निघत नाही.

असो. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
सूर्यभान

ता. क. : खरं काम आता लिहितो. दोन वर्षांपूर्वी आमच्या चिरंजिवासाठी तुम्ही मुक्ताचं विचारलं होतंत. मामाची मुलगी, हक्काची सोयरीक. तेव्हा मी नकाराचं जे कार्ड धाडलं, ते शोधून चुलीत घाला. सगळं जग "पत्रिका जुळत नाही" असं लिहितं, आणि मी शहाणा, "मुलगी रंगानं उजळ असती तर विचार केला असता" असं उघड्या कार्डावर लिहिलं. मच्छिंद्र शनिवारी पारनेरला पाहुण्यांकडं यायचाय. त्यानं विचारलंच तर सांगा, पत्रिका जुळली नाही.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात तुमच्या बहिणीनं पाठीमागून विचारलं, "आप्पाला दिसत न्हाई, मग तुमची पत्रं त्याला वाचून कोन दाखवतं?" आणि आत निघून गेली.

मुक्ते, म्हणजे हे तूच वाचते आहेस. तेही तूच वाचलं असशील, वडिलांसमोर, मोठ्यानं. कार्ड जाळू नकोस. नाही, जाळ. नाही पोरी, तुझं तू ठरव, मच्छिंद्राला द्यायचं तर दे. फक्त एवढं कळव, की त्या ओळीशी आल्यावर तू थांबली होतीस, की न थांबता तशीच पुढं वाचत गेलीस? भिंगारात माझ्या कानांची एवढी ख्याती आहे, पण ते काही मला ऐकू आलं नाही.