अकरा नावं

प्रिय दादा,

तू गेल्यावर लिहिते आहे, म्हणजे आता तुला रागावता येणार नाही. उद्या इस्पितळात तू शोधलेल्या, भाजल्यावर लावायच्या मलमाचा गौरव आहे आणि बहीण म्हणून मला बोलायचं आहे.

लढाईत ते मलम तू आधी कैद्यांवर लावून पाहिलंस, त्यांना न विचारता. अकरा जण गेले. मी तिथेच नर्स होते. "वेडाबाई, खाटेचा नंबर लिही, नावं कशाला?" असं तू हसत म्हणालास. पण कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी लावलेली, नाव घेऊन प्रार्थना करायची सवय सुटत नाही. प्रार्थनेसाठी मी प्रत्येकाला नाव विचारून ठेवलं होतं.

उद्या ती अकरा नावं मी वाचणार आहे. पुढे त्याच मलमाने माझा लेक वाचला, हेही सांगेन. म्हणून तर मला गप्प बसायचा हक्क नाही.

अजूनही तुझी लाडकी,
धाकटी