लिफ्ट पूर्ण झाल्याची सही

गुरुवार, संध्याकाळ. सांता क्लारा.

सही करून आले. का केली?

कॉलेजच्या इमारतींसाठी मतदारांनी बाँड, म्हणजे आपल्या करातून फेडायचं कर्ज, मंजूर केला. तो पैसा ठरल्या कामावरच लागतो का, हे बघायला नागरिकांची समिती आहे. तिच्यात मी ज्येष्ठांची प्रतिनिधी. आज सह्या करायच्या अहवालात लिहिलंय, 'ग्रंथालयाची लिफ्ट पूर्ण.' लिफ्ट आहे, पण चालत नाही. दारावर 'बंद' असा कागद चिकटवलाय. मी जाऊन बघून आले होते.

बैठकीत तसं सांगितलं. अध्यक्ष समीर, आपला नागपूरचा, हसून म्हणाला, "काकू, पैसे लिफ्टवरच खर्च झाले ना? मग आपलं काम झालं."

"आणि वर जायचं कसं?"

"तो मेंटेनन्सचा प्रश्न. साइन करा ना काकू, मला मुलीला पिकअप करायचंय."

सगळे हसले. मीही हसले बहुतेक.

हे व्हीलचेअरवर खाली थांबायचे आणि मी वरून पुस्तकं आणायची. बहुतेक वेळा चुकीची. लिफ्ट होईल म्हणून ह्यांनी या बाँडसाठी ओळखीच्या प्रत्येकाला फोन केले होते. लिफ्ट झाली तेव्हा हे नव्हते. आणि झाली म्हणजे काय, तो कागद अजून तिथेच आहे.

सहीच्या खाली विरोध नोंदवायला जागा होती. मी वाचली होती ती ओळ. मोकळी सोडली.

मला गाडी चालवता येत नाही. बैठकीनंतर घरी समीरच सोडतो.