भव की भाऊ

तीर्थरूप भाऊ,

ज्ञानाने मोक्ष मिळतो की भक्तीने, यावरचा तुझा ग्रंथ पोचला. अर्पण केलास आईला! लाज कशी वाटली नाही?

भांडी घासताना ती म्हणायची, "भाऊ सागरी, तार देवा." त्याच चालीवर मी शाळेतल्या सगळ्या कविता पाठ केल्या. तू परदेशातून शिकून आलास आणि पाहुण्यांसमोर हसलास, "आई, भाऊ नव्हे, भवसागरी! भव म्हणजे संसार."

"असेल बाबा," म्हणाली. पुन्हा कधी गायली नाही.

अरे शहाण्या, तू बोटीवर होतास तेव्हा मीही तिला हेच सांगितलं होतं. म्हणाली, "ठाऊक आहे रे. पण समुद्रावर भाऊ आहे ना!"

पत्र पाठवत नाही. शुद्धलेखन तपासून परत धाडशील.

अडाणी आईचा,
धाकटा