तीन ड्रेस न्यायला कोणी आलं नाही

६ फेब्रुवारी, गुरुवार

लायब्ररीतून जाडजूड रहस्यकथा आणली. छोटं गाव, तीन मुली गायब. बायको म्हणाली, आधी हातातलं शिवण संपवा. बायकोला साहित्याचं वावडं आहे.

ठराव: रोज फक्त वीस पानं. तीही जेवण झाल्यावर.

गुन्हेगार चौदाव्या पानावरच कळला. बेकरीवाला. इतकं गोड बोलणारा माणूस सरळ नसतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकशे दहा पानं झाली. बेकरीवाला शहाण्णवव्या पानावर मेला, म्हणजे तो नव्हे. डॉक्टर असणार. हे मी आधीच ओळखलं होतं, लिहायचं राहून गेलं.

पुस्तकातला इन्स्पेक्टर म्हणतो, गावात काही बिघडलं की आधी दुकानदाराला कळतं. वाचून अंगावर काटा आला. पंचवीस वर्षं मी लेडीज टेलर. या गावातल्या निम्म्या पोरींची मापं माझ्या वहीत आहेत. मापं लेक घेते, पण वही माझी. म्हणजे जबाबदारीही माझीच.

ठराव: उद्यापासून पोरींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

पोस्टात काम करते ती मुलगी फिटिंगला आली. लेकीची मैत्रीण. तिला विचारलं, सुटतेस किती वाजता, कोणत्या रस्त्याने जातेस, बरोबर कोण असतं. ती लेकीकडे बघत बसली. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबता का? थांबलो. हल्लीच्या मुलींना कसलं गांभीर्यच नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७

पोस्टवालीला घरापर्यंत सोडलं. तिच्या मागे तीस पावलं. इन्स्पेक्टरही तीसच ठेवतो. ती एकदा वळून बघून झपाझप चालायला लागली. छान. म्हणजे परवाच्या प्रश्नांचा उपयोग झाला, सावध झाली. तिला आपला कोणी पाठीराखा आहे याचा पत्ताही नसेल. नसू दे. चांगल्या कामाचा गाजावाजा करू नये.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल बँकवाली. आज चष्मेवाली. दोघी लेकीच्याच मैत्रिणी. चष्मेवाली औषधाच्या दुकानात शिरली ती अर्धा तास बाहेरच येईना. मी समोर उभा. पाय भरून आले. शेवटी तिचा भाऊ स्कूटर घेऊन न्यायला आला. आता त्याच्याकडेही बघायला हवं.

जेवताना लेक म्हणाली, बाबा, माझ्या मैत्रिणींच्या मागे जाऊ नका, त्या घाबरतात. मी म्हटलं, घाबरायलाच हवं, दिवस वाईट आहेत. ती ताटावरून उठली. बायको म्हणाली, पोरगी काय सांगतेय ते ऐका जरा. मी ऐकलंच होतं की. उत्तरही दिलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अत्यंत महत्त्वाचं.

तीन ड्रेस हँगरवर लटकताहेत. पोस्टवालीचा निळा, बँकवालीचा चौकड्यांचा, चष्मेवालीचा हिरवा. तिघींना मंगळवारचा वायदा होता. आयुष्यात एकदा वेळेवर शिवून ठेवले, तर घ्यायला एक जण नाही! एरवी एक दिवस उशीर झाला की दारात उभ्या राहून डोकं खातात.

नवा शिवलेला ड्रेस टाकून कुठली मुलगी आपणहून घरी बसते? हे इन्स्पेक्टरला सुचणार नाही. टेलरला सुचतं. तीन ड्रेस, तीन मुली. त्या नादात एका बाईच्या कोटाची काजं उलट्या बाजूला झाली.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, सुतावरून स्वर्ग गाठू नका. तिघींनी नवे ड्रेस समोर शिवायला टाकलेत, तुमच्या दुकानाची पायरी चढायची नाही म्हणतात. समोर म्हणजे रस्त्यापलीकडचा तो टेलर. याला साधी कॉलर बसवता येत नाही.

पण मग तिघींना शेवटचं पाहिलं कोणी? त्याने!

१६ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक संपलं. डॉक्टर नव्हताच. मुलींना सोबत करणारा, सगळ्या गावाला भला वाटणारा माणूस निघाला. काहीतरीच! लेखकाला माणसांची पारख नाही. असल्या पुस्तकांनी चांगली माणसं बदनाम होतात.

दुपारी लेक समोर येऊन बसली. रडत होती. म्हणाली, कॉलेजात माझ्याशी कोणी बोलत नाही, मला इथे तोंड दाखवायची लाज वाटते. बाबा, तिसऱ्यांदा सांगतेय, पुन्हा सांगणार नाही. मला भडभडून आलं. एकुलती एक आहे. म्हटलं, उद्याच्या उद्या सगळं निस्तरतो. ती म्हणाली, नक्की? म्हटलं, नक्की.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वही घेऊन पोलीस स्टेशनात गेलो. टेबलावर पोलीसबाई होत्या. त्यांना म्हटलं, तीन मुली बेपत्ता आहेत. बाईंनी लगेच कागद ओढला. वर्णन विचारलं. मी वही उघडून सांगितलं, पहिली खांदा चौदा, कंबर अठ्ठावीस, बाही कोपरापर्यंत. बाईंचं पेन थांबलं. म्हणाल्या, चेहरा? चेहरा वहीत नसतो.

बाईंनी तीन फोन लावले. तिघी आपापल्या जागी. पोस्टवाली पोस्टात, बँकवाली बँकेत. चष्मेवालीला सर्दी झालीय.

मी म्हटलं, चला, बरं झालं. उठणार तेवढ्यात बाईंनी दुसरा कागद काढला. शनिवारची तक्रार. संध्याकाळी एक माणूस मुलींच्या मागे फिरतो. मी ताडकन म्हणालो, वाटलंच होतं मला! वाचा, वाचा. बाई वाचायला लागल्या. पन्नाशीचा. गळ्यात टेप. टेप! मी म्हटलं, बाई, सापडला. रस्त्यापलीकडचा टेलर. लिहून घ्या. बाईंनी काही लिहून घेतलं नाही. वाचत राहिल्या. क्रीम रंगाचा शर्ट. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली.

माझा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला.

खांद्यातला अर्धा इंच रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही. शर्ट बेतणाऱ्यालाच तो ठाऊक असतो. माझे शर्ट लेक शिवते. डाव्या बाजूला असा काही हिशोब करते की मी चारचौघांत सरळ दिसतो.

बाईंनी तक्रारीखालची सही दाखवली. अक्षर मीच गिरवून घेतलेलं. मग माझ्याकडून लिहून घेतलं की यापुढे कोणाच्याही मागे जाणार नाही. सही केली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लेक घरात नाही. कपाट अर्धं रिकामं. बायकोला विचारलं, कुठे गेली? म्हणाली, आहे तिथे सुखात आहे. पत्ता सांगेना. म्हटलं, मी बाप आहे तिचा. म्हणाली, तेच तर.

माझं थोडंफार चुकलं असेल. पण मनात पाप नव्हतं. हे एकदा तिने समोर बसून ऐकून घ्यायला हवं.

दुकान उघडलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुकान उघडलं. एक बाई आली, तिने विचारलं, माप कोण घेणार? मी टेप उचलली. ती म्हणाली, मग नंतर येते.

घर खायला उठतं. लेकीचं मशीन झाकून ठेवलंय. त्या मशीनकडे बघवत नाही.

ठराव: तिची माफी मागायची. मनापासून. एकही सबब सांगायची नाही.

पण त्यासाठी आधी ती सापडायला हवी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५

दुपारपासून कॉलेजच्या गेटसमोर उभा होतो. पोलीसबाईंना सही दिली आहे खरी, पण ती परक्या मुलींबद्दल. स्वतःच्या लेकीला तो नियम कसा लागेल? माफी तोंडपाठ केली होती. राहते ते घर बघायचं, दार वाजवायचं, माफी मागायची, उलट्या पावली परत. गेटवर गाठलं असतं तर चारचौघांत तिलाच लाज वाटली असती. तेवढं मला कळतं.

साडेतीनला बाहेर आली. एकटीच. वाळली आहे. मी मागे, तीस पावलांवर.

मोठ्या रस्त्यावर काही नाही. गल्लीत वळलो तशी तिने पर्स छातीशी घट्ट धरली. पाय उचलून चालायला लागली. मीही. मग ती थांबली आणि वळली. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, कोण आहे ते दिसेल तरी. रागावेल, ओरडेल, पण जीव भांड्यात पडेल तिचा.

तिने मला नीट पाहिलं. लख्ख ऊन होतं.

आणि पळत सुटली.

मी हाक मारली. लहानपणच्या लाडक्या नावाने मारली. ती आणखी जोरात पळाली. दोन दुकानांतून माणसं बाहेर आली, त्यातल्या एकाने माझा दंड धरला. मी सांगितलं, माझी मुलगी आहे ती. त्याने विचारलं, मग पळते का?